उरलेला आमेन

प्रिय पाकोळी,

माझा आवाज गेला. सर्दीनं बसतो तसा बसलेला नाही, की गुळण्या केल्या आणि परत आला. डॉक्टरांनी गळा उघडला आणि आतलं आवाजाचं सगळं सामान काढून घेतलं. गाठ होती, वाईट होती, आणि नेमकी तिथंच ठाण मांडून बसली होती. आता मी मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेते. नाक नुसतं चेहऱ्याच्या शोभेला उरलंय. खोकला आला की माणसं माझ्या तोंडासमोरून बाजूला होतात, आणि मी खोकते मानेतून, म्हणजे बाजूला झालेलाच सापडतो. घाबरून जाऊ नकोस, पुढचं वाच. गाठ गेली, तपासण्या झाल्या, परत आलेली नाही. मी जेवते, जिना चढते आणि तुझ्या आत्याच्या नाकी नऊ आणते. थोडक्यात, आवाज सोडला तर आहे तशीच आहे.

तुला कुणी कळवलं नाही, कारण मी कळवू दिलं नाही. आत्यावर रागावू नकोस. बिचारी जन्मात खोटं बोलली नव्हती, ते माझ्यापायी बोलायला शिकली. तुझा फोन आला की मी सदा झोपलेली, नाहीतर अंघोळीला गेलेली. तुला वाटलं असेल, म्हातारी या वयात फार स्वच्छ झाली. पण कळवलं असतं तर तू हातातलं काम टाकून आली असतीस, आणि पलंगाशी बसून माझ्याकडे बघत राहिली असतीस. बोलली नसतीस काही. पण तुझे डोळे तुझ्या बापाचे आहेत, त्यांना गप्प बसणं जमत नाही. ते म्हणाले असते, बघ आजी, काय केलं तुझ्या देवानं. आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नव्हता. खरं सांगू? तेव्हा उत्तरही नव्हतं. आता दोन्ही आहेत, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मंडळीतली ती रीत तुला आठवतच असेल. उपासना संपते, पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देतात, सगळे एका दमात आमेन म्हणतात, आणि तरी कुणी जागचं हलत नाही. मग एकच माणूस, एकट्यानं, पुन्हा आमेन म्हणतो. तो झाला की मग पिशव्या, छत्र्या, पोरं गोळा करायची. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याच ख्रिस्ती देवळात असं करत नाहीत. पाहुणे आले की अर्धे दाराकडे निघतात आणि बाकीचे थांबलेले बघून लाजून परत फिरतात. याचं मूळ मी लाँड्रीत कामाला नवी लागले तेव्हा ऐकलं होतं. एक सुतारबाबा होता, ठार बहिरा. सगळ्यांचं आमेन म्हणून झालेलं त्याला ऐकूच यायचं नाही. पाळकांचे हात खाली आले की मग त्याला कळायचं, आणि मग तो एकटाच म्हणायचा, फळ्या ठोकल्यासारखा. म्हाताऱ्याचा मान म्हणून लोक थांबायला लागले. तो गेला तेव्हा लोक सवयीनं थांबलेलेच, म्हणून त्याच्या बायकोनं म्हटला. ती गेली आणि तो आमेन माझ्याकडे आला. मी काही मोठी भक्त होते म्हणून नव्हे. लाँड्रीतल्या यंत्रांच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला होता की पार मागच्या बाकावर झोपलेला माणूससुद्धा दचकून उठायचा. आम्ही त्याला उरलेला आमेन म्हणतो. बाकीच्यांचा म्हणून झाल्यावर जो उरतो, तो.

तुझ्या बापाच्या वेळीही तो मीच म्हटला. लाकडाच्या वखारीत ओंडक्यांची थप्पी घसरली, हे तुला सांगायला नको. दवाखान्याच्या त्या हिरव्या भिंतींच्या व्हरांड्यात अख्खी मंडळी गुडघ्यावर होती, तूही होतीस, फ्रॉकचा गुडघा काळा होईपर्यंत. माझ्या पोराला वाचव, एवढंच मी म्हणत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. तो संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी कबरस्तानात पाळकांनी प्रार्थना संपवली, सगळे थांबले, आणि मी आमेन म्हटला. आवाज चिरकला नाही, कापला नाही. मग गेटपाशी तू माझा पदर धरून मला थांबवलंस आणि विचारलंस, आजी, तू आमेन कशाला म्हणालीस? देवानं पप्पाला मारलं आणि तू म्हणालीस बरं झालं? मी म्हटलं, घरी चल, चहा झालाय. तुला वाटलं आजी टाळतेय. अगं, टाळायला आधी उत्तर असावं लागतं. मग तुझी आई तुला घेऊन मामाकडे गेली, तिथंच तू शिकलीस, नोकरीला लागलीस. वर्षातून एकदा येतेस, पण अशी बसतेस, जणू दाराशी रिक्षा उभी आहे. देवळाच्या बाजूनं जायचं झालं तर तू रस्ता ओलांडून पलीकडून जातेस, हे मी खिडकीतून बघितलंय. मी काही बोलले नाही. मला न बोलता येतं हे ऐकून आत्या हसेल.

तर आवाज गेला, आणि पहिल्यांदा माणसांची तोंडं सुटली. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, चला, आता जिन्यात शांतता. तो बरा, तोंडावर बोलला आणि रोज सूप आणून देत गेला. खरी पीडा म्हणजे आमच्या मंडळीतली सुस्कारे बाई. पहिल्या बाकावर बसते आणि दर वाक्याला सुस्कारा टाकते ती. लहानपणी तू तिची नक्कल करायचीस आणि मी तुला रागवून मग मोरीत जाऊन हसायचे. ती वॉर्डात आली संत्री घेऊन. माझ्या नाकात नळी, पोटात जायचं ते सगळं त्या नळीतून, आणि ही संत्री घेऊन आली. बसली, सुस्कारली आणि म्हणाली, बाई, मनात एखादं पाप दडून राहिलं असेल तर प्रभूपुढं कबूल करून टाका, मोकळं वाटेल. गळा कापलेल्या बाईला म्हणते मोकळं वाटेल! वर म्हणाली, जिभेनं कुणाकुणाला किती दुखवलं ते आठवून बघा, देव उगीच नाही एखाद्याचं तोंड बंद करत. उशाशी पाटी होती, त्यावर मी लिहिलं, तुमच्यापासून सुरुवात करू का? गेली, संत्र्यांसकट.

पण ती गेल्यावर तिचं बोलणं गेलं नाही. दुपारचा वॉर्ड तुला माहीत नाही, पाकोळी. भेटायची वेळ संपलेली असते, नर्सबाई कागद भरत असतात आणि पंखा एकाच जागी कुरकुरतो. मी पडल्या पडल्या देवाशी भांडायला लागले. मनातच, दुसरं कुठं भांडणार? पोरगा घेतलास. नात घेतलीस, म्हणजे जिवंत ठेवलीस पण माझ्यापासून नेलीस. आणि आता हा आवाजही? माझ्याकडे तुझं म्हणून एवढंच तर होतं, आठवड्याचा एक शब्द. तो तुला जड झाला होता का? लाँड्रीत मी मुकादमालाही असं बोलले नव्हते, असं बोलले. उत्तर आलं नाही. उगीच कुणाला सांगू नकोस की आजीला दर्शन झालं. नर्सबाई आल्या, नळीत कसलं तरी पांढरं पाणी ओतून गेल्या. पण भांडून भांडून दमले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कुणीच नाही असं वाटलं असतं तर मी इतकी चिडले असते का? रिकाम्या खुर्चीवर माणूस किती वेळ ओरडेल? मी तर त्याच्या तोंडावर ओरडत होते, तो समोरच बसलाय आणि उठून जाणार नाही असं धरून. विश्वास गेला नव्हता माझा, तापला होता नुसता.

दुसरी गोष्ट आरशाची. नर्सबाईंनी भोक साफ करायला शिकवलं तेव्हा हातात आरसा दिला. मी आधी बघेचना. शेवटी बघितलं. लाल, ओलं, श्वासाबरोबर हलणारं. हे घेऊन मी चार माणसांत कशी जाणार, हाच विचार आला. आणि मग, कसं कोण जाणे, मनात आलं की क्रुसावरच्या प्रभूच्याही अंगाला भोकं पडलेली आहेत. हातापायांना, कुशीत. आणि मेलेल्यांतून उठून आला तेव्हा ती बुजवून नाही आला. मरणालाच हरवून आलेल्याला पाच जखमा बुजवणं काय जड होतं? पण तशाच ठेवल्या, आणि आपल्या माणसांना स्वतःहून दाखवल्या, बघा, मीच आहे. तेव्हापासून मला माझ्या मानेची लाज वाटली नाही. रुमाल बांधते तो धूळ जाऊ नये म्हणून. कुणी टक लावून बघितलं तर रुमाल वर करून नीट दाखवते. मग ते बघत नाहीत.

घरी आल्यावर अंगात जरा जीव आला तसा मी देवळात गेले. त्या रविवारी जे झालं ते फक्त आमच्याच मंडळीत होऊ शकतं. पाळकसाहेबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की आता उरलेला आमेन सुस्कारे बाई म्हणेल. तिला सांगून ठेवलं होतं, आठवड्यापासून ती तयारीत होती. आशीर्वाद झाला. सगळ्यांनी आमेन म्हटला. आणि सगळी मंडळी, नेहमीच्या सवयीनं, मान वळवून माझ्याकडे बघत उभी राहिली. सुस्कारे बाईसुद्धा! तीही मेली माझ्याकडेच बघत उभी, आपल्याला म्हणायचंय हे साफ विसरून. पाळकसाहेब तिला डोळ्यांनी खुणावतायत, ती मला खुणावतेय. एक बाळ रडायला लागलं. एका बाईचे पाय चुळबुळत होते, नक्की गॅसवर काहीतरी ठेवून आली होती. पण हलेल तर शपथ. मलाही कळलं नाही मी काय करतेय. मीही सवयीनं तोंड उघडलं. आणि मानेतून नुसती फुस्स झाली, सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखी.

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. मी हलले म्हणून ते हलले. रस्ताभर कुणाशी बोलले नाही, म्हणजे पाटी काढली नाही. घरी येऊन पलंगावर बसले, आणि दवाखान्यात रडले नव्हते ती तेव्हा रडले. पाकोळी, मानेला भोक असलेल्या माणसानं रडू नये, फार पसारा होतो. गाठ झाली, गळा गेला, ते मी सोसलं. पण देवासमोर उभं राहून तो एक शब्द टाकता न येणं मला सोसेना. तुझा बाप पुरताना जो शब्द मी सोडला नव्हता, तो असा फुस्स करून सुटून जाणार होता का? तेवढ्यासाठीच मी हट्टाला पेटले. तो शब्द मी परत आणणार, नाहीतर हे सगळं सोसलं ते वाया.

संध्याकाळी पाळकसाहेब आले, ओशाळलेले, खिशात छोटी घंटा घेऊन. तरुण पोरगा आहे, मनानं चांगला, पण डोकं कधी कधी घरी ठेवून येतो. म्हणाला, आजी, तुम्ही ही वाजवत जा, तोच आमेन समजू. मी पाटीवर लिहिलं, मी काय शाळेतला शिपाई आहे? मग म्हणाला, बाकावर हात आपटा. लिहिलं, बाकानं काय केलंय? मग खाली बघत म्हणाला, आजी, मग काय करू? मला तुमच्यावाचून उपासना संपवता येत नाही. तेव्हा मला त्याची दया आली. पाटी पुसली आणि लिहिलं, जागा रिकामी ठेवा, मी येते. त्यानं खरंच ठेवली. मग दर रविवारी सगळे आमेन म्हणायचे आणि नुसते उभे राहायचे, मी पिशवी उचलेपर्यंत. एकदा मला म्हणाला, आजी, त्या शांततेत लोक अगदी मनापासून प्रार्थना करायला लागलेत. मी लिहिलं, मग इतकी वर्षं काय करत होते?

दवाखान्याच्या तळघरात बोलायला शिकवणारी बाई बसते. बाई कसली, तुझ्याच वयाची पोरगी, मी तिला मास्तरीणबाई म्हणते, केस आखूड, बोटांत पेन फिरवत बसायची सवय. तिच्या खोलीत एक टेबल, एक आरसा आणि भिंतीवर गळ्याचं चित्र, कसायाकडे टांगलेलं असावं तसं. तिनं आधी एक यंत्र दाखवलं. मानेला लावलं की ते आपल्या वतीनं बोलतं, पण न्हाव्याच्या मशीनसारखं गुणगुणत. मी मान हलवली, देवापुढं बॅटरीवर उभी राहणार नाही. मग म्हणाली, दुसरा मार्ग अवघड आहे आजी, बरेच जण सोडून देतात. तो मार्ग म्हणजे ढेकर. हसू नकोस. हवा गिळायची, पण पोटात पोचू द्यायची नाही, अर्ध्या वाटेतून परत फिरवायची, आणि ती वर येता येता तिच्यावर शब्द बसवायचा. जेवताना ढेकर दिलात म्हणून मी तुम्हा पोरांच्या पाठीत चमचा घातलाय, आणि आता सरकारी दवाखान्यात बसून मला ढेकर शिकवत होते! प, ट, क ही अक्षरं सोपी, ती हवेला आपोआप आत ढकलतात. म्हणून माझ्या तोंडून फुटलेला पहिला शब्द होता पाप. सुस्कारे बाई असती तर तिला धन्य वाटलं असतं. दुसरा शब्द मी माझा निवडला. तो होता पाकोळी. मास्तरीणबाईंना वाटलं पक्षी. मी त्यांचा गैरसमज काढला नाही.

पण आमेन काही येईना. तो शब्द स्वरानं सुरू होतो आणि पुढची अक्षरं नाकातली, सगळंच माझ्या विरुद्ध. मास्तरीणबाई म्हणाल्या, आजी, रोजच्या कामाचे शब्द आधी घेऊ, पाणी, पुरे, पकड, तो शब्द राहू दे. मी मान हलवली. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, मी काही देवबिव मानत नाही, म्हणून विचारते, राग मानू नका. या शब्दात एवढं काय आहे? म्हणजे ‘ओके’च ना? चाललंय ते ठीक आहे, असंच ना?

ती बोलली आणि मला गेटपाशी माझा पदर धरून उभी असलेली तू दिसलीस. तोच प्रश्न. फरक एवढाच की आता माझ्याकडे टाळायला चहा नव्हता. मी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. खडूचा पांढरा भुगा मांडीवर. जे शेवटी लिहिलं ते तुला सांगते, कारण ते तुझंच होतं, तिला उगीच आधी मिळालं. मी लिहिलं, ठीक आहे असं मी कधीच म्हणाले नाही. माझा पोरगा मेला ते ठीक नव्हतं, आजही नाही. पण कबरेपाशी पाळकांनी प्रार्थना काय केली होती? की हे प्रभू, तू याला उठवशील, आमचे डोळे पुसशील, मरणाला पुरून टाकशील. मी त्याला आमेन म्हणाले. म्हणजे, तू हे बोललास, मी ऐकलंय, आता मी तुला यातून सोडणार नाही. होईपर्यंत दर रविवारी तुझ्या दारात उभी राहून आठवण करून देणार. तिनं वाचलं. पेन उचललं, फिरवलं, पुन्हा ठेवलं. म्हणाली, म्हणजे हा मान डोलावणं नाही, हट्ट आहे. मी म्हटलं, पक्का. हो, म्हटलं. ढेकर देऊन. तिला इतका आनंद झाला की तिनं टेबलावर हात आपटला. मग तिनंच युक्ती काढली. ओठ मिटून ‘प’ म्हणायची तयारी करायची, हवा आत भरायची, आणि ‘प’ न म्हणता आयत्या वेळी ‘आ’वर सोडून द्यायचं. देव न मानणाऱ्या पोरीनं मला आमेन शिकवला. त्याची माणसं कुठं कुठं बसलेली असतात याचा काही नेम नाही.

मग रोज सराव. घरी आत्याला कसंतरी व्हायचं, म्हणून मी लाँड्रीमागच्या बोळात जायचे, तिथं इस्त्रीच्या खोलीची वाफ बाहेर पडते आणि यंत्रं चालू असतात. इस्त्रीवाल्या बायका मालकाला सांगून आल्या की पाइप तुंबलाय, प्लंबर बोलवा. तुंबलेला पाइप दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर चहा प्यायला जाऊन बसला. कधी ‘आ’ यायचा आणि पुढचं बुडायचं. कधी नुसता ‘मेन’. कधी काहीच नाही, पोट फुगून नगारा. कित्येकदा वाटलं, म्हातारे, आता पुरे कर. मग तुझ्या बापाची आठवण काढायचे, ओंडक्यांखाली गेलेल्याची नाही, लहानपणी बुटाची नाडी बांधता येईना तेव्हा मला हात लावू न देता जिन्यात बसून राहणाऱ्याची. आणि पुन्हा हवा गिळायचे.

आणि तो आला कुठं, तर कबरस्तानात. सुस्कारे बाईचा नवरा गेला. घड्याळं दुरुस्त करायचा तो, अबोल माणूस, बायको सुस्कारायची आणि हा ऐकून घ्यायचा. मी गेले, मागे उभी राहिले. वारा होता, पाळकसाहेबांच्या पुस्तकाची पानं उलटत होती. सुस्कारे बाई शवपेटीशी उभी होती, आणि पाकोळी, ती सुस्कारत नव्हती. एकही नाही. तिचं तोंड असं झालं होतं की जणू तिचाच गळा कुणी काढून नेलाय. प्रार्थना संपली. हे प्रभू, तू याला उठवशील. सगळ्यांनी आमेन म्हटला, आणि सगळे थांबले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आता सगळ्यांना रिकाम्या जागेची सवय झाली होती. फक्त तिनं बघितलं. काही मागत नव्हती. नुसती बघत होती, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तशी. माझ्या मनात तिची संत्रीही आली, खोटं कशाला सांगू. आली आणि गेली. मी ओठ मिटले, हवा भरली. नुसतं गुर्रर्र झालं. मागं एक पोर म्हणालं, आईऽ, त्या आजीच्या पोटात दुखतंय. त्याला कुणीतरी चापट मारली. मी पुन्हा हवा गिळली, पायांच्या अंगठ्यांपर्यंत, आणि म्हणाले, आमेन.

पिंपात बसलेल्या बेडकानं म्हणावा तसा. पण पुरता. ‘आ’पासून ‘न’पर्यंत. सुस्कारे बाईनं डोळे एवढे मोठे केले, आणि हसली. नवऱ्याच्या कबरेपाशी, पदर तोंडात कोंबून, खदखदून हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि पुढं येऊन माझा दंड धरून म्हणाली, पुन्हा म्हणा हो, पुन्हा एकदा म्हणा. मी पुन्हा म्हटला. मग पाळकसाहेबांनी म्हटला, मग सगळेच म्हणायला लागले, पुढंमागं, कसाही, तालसूर नाही काही. कबर खणणारा फावड्यावर रेलून उभा होता, तोही म्हणाला. मी बघत होते आणि मला वाटलं, मरणा, बघ, तू एवढा मोठा, आणि एका म्हातारीचा ढेकर तुला गप्प करता येईना. आता रविवारी उरलेला आमेन मीच म्हणते. मंडळीतली पोरं घरी जेवताना तसाच म्हणून दाखवतात आणि आया माझ्या नावानं खडे फोडतात. फोडू देत. माझ्या जुन्या आवाजानं झोपलेले जागे व्हायचे, या आवाजानं जागे असलेलेही दचकतात.

तुला देवळात चल असं म्हणायला हे लिहिलेलं नाही. तू कुठून रस्ता ओलांडायचा ते तुझं तू ठरव, मी खिडकीतून बघतच असते. लिहिलं ते वेगळ्याच कारणानं. आत्याचा फोन बिघडला, नवा घेतला, नंबर बदलला. गेल्या रविवारी उपासना झाल्यावर मी त्याच्यावरून तुला फोन लावला. म्हटलं, तुझा प्रश्न, आपल्या आवाजात उत्तर देऊ. तू उचललास. मला हवा गिळायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात तू दोनदा हॅलो म्हणालीस, आणि मग मी बोलले, आणि तू म्हणालीस, मेल्या, बायकांना फोन करून ढेकर देतोस, घरी आया-बहिणी नाहीत का? मी पुन्हा लावला. त्या वेळी तू पोलिसांत देईन म्हणालीस आणि जे आणखी म्हणालीस ते मी इथं लिहीत नाही, आत्या टपाल टाकण्याआधी वाचते. शिव्या माझ्याच आहेत, ओळखल्या, बऱ्या वापरल्यास. पण अगं, तो मेला मी होते. येत्या रविवारी त्याच वेळी पुन्हा लावते. अनोळखी नंबर असेल. पलीकडे आधी काहीच ऐकू येणार नाही, तेवढं थांब. फोन ठेवू नकोस.

तुझीच, आणि आता या आवाजातही तुझीच,
आजी